नऊ मुलांच्या वर्गाचा निकाल कसा वाचायचा?

ताई, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. बीड जिल्ह्यातलं गाव, जिल्हा परिषदेची पहिली ते आठवी शाळा. सहावीत ६, सातवीत ७, आठवीत ९, म्हणजे वरच्या तीन वर्गांचा पट २२. गेल्या वर्षी आठवीची सगळी मुलं पास झाली, यंदा नऊपैकी चार गणितात नापास. तुमची मुलगी पाचवी पास होऊन सहावीत चालली आहे. गावात काहीजण म्हणतात शाळा बिघडली, काहीजण म्हणतात ऊसतोडीवाल्यांची आणि तांड्यावरची पोरं भरलीत म्हणून निकाल पडला. तुम्ही विचारताय, पोरीला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालावी का?

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली शेवटची काही केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारा. असे निकाल घेऊन येणारे पालक मी खूप पाहिले. 'घाला' किंवा 'घालू नका' असं इथे बसून सांगणं खोटेपणाचं होईल. पण निकाल कसा वाचायचा ते सांगू शकतो, आणि तो नीट वाचला की निम्मा निर्णय आपोआप होतो. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. शाळेत शिकवणं कसं चाललंय हा एक, आणि वर्गात नेमकं कोण बसलंय हा दुसरा. निकालाच्या एका आकड्यात हे दोन्ही कालवलेलं असतं.

आधी आकडा घेऊ. नऊ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे अकरा टक्के. चार नापास म्हणजे निकाल ५६ टक्के. त्यातली दोन मुलं जेमतेम पार झाली असती तर तोच निकाल ७८ टक्के झाला असता, आणि त्याच बाई, तेच गुरुजी 'बरे' ठरले असते. शहरातल्या दोनशे मुलांच्या आठवीत दोन मुलं आजारी पडली तर एक टक्का हलतो. तुमच्याकडे दोन मुलं परीक्षेच्या आठवड्यात मामाच्या लग्नाला गेली तरी शाळा 'बिघडते'. म्हणून लहान शाळेच्या एका वर्षाच्या टक्क्यावर मी कधी पैज लावत नाही. तीन-चार वर्षांचे निकाल एकाखाली एक मांडा, टक्क्यांत नव्हे, मुलांच्या संख्येत.

दुसरी गोष्ट, गेल्या वर्षीची आठवी आणि यंदाची आठवी ही वेगळी मुलं आहेत. ऐकायला बाळबोध वाटतं, पण मी स्वतः यात फसलोय. नवीन केंद्रप्रमुख असताना एका शाळेत सातवीच्या तेरा मुलांचा निकाल आधीच्या वर्षापेक्षा खूप खाली दिसला. मी शेरेबुकात लिहून मोकळा झालो, 'अध्यापनाचा दर्जा समाधानकारक नाही.' वर्गाच्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या भेटीला गेलो तर त्यांनी चहाच्या आधी जनरल रजिस्टर पुढ्यात ठेवलं आणि पाच नावांवर पेन्सिलीने खुणा केल्या. ती पाचही मुलं त्याच जूनमध्ये दाखल झालेली, पट नाही म्हणून बंद झालेल्या एका शाळेतून आलेली. त्या शाळेत सगळ्या वर्गांना मिळून एकच शिक्षक होता. बाईंची स्वतःची, पहिलीपासूनची आठ मुलं मात्र उत्तम वाचत होती, गणितंही सोडवत होती. शेरेबुकाचं पान फाडता येत नाही. त्याच शेऱ्याखाली दुसरा शेरा लिहिला, तारखेसकट. त्यानंतर दाखल-खारिज, म्हणजे कोण नव्याने आलं आणि कोण नाव काढून गेलं, ते पाहिल्याशिवाय मी कुठल्याही लहान शाळेच्या निकालावर बोललो नाही.

तर ताई, पहिलं काम हे. ती नऊ मुलं कोण, हे माहीत करून घ्या. नावं गावात फिरवायची नाहीत, पोरांची बदनामी होते. पण तुम्ही पालक आहात, मुख्याध्यापकांशी बसून इतकं बोलू शकता की नऊपैकी पहिलीपासून इथलीच किती, मधे आलेली किती, आणि वर्षातले किती महिने कोण हजर होतं.

आता वर्गातून कोण निघून गेलं तेही बघा. हे कुणी मोजत नाही. पाचवीनंतर चुणचुणीत मुलं कुठे जातात? जवाहर नवोदय विद्यालयाचा प्रवेश सहावीला असतो, जिल्ह्यातून ८० मुलं घेतात आणि त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागाच्या. एखाद्या गुरुजींनी मेहनत घेऊन पाचवीची दोन मुलं नवोदयला लावली की पेपरात फोटो येतो, सत्कार होतो. तीन वर्षांनी त्याच शाळेची आठवी पाहा. ती दोन मुलं तिथे नाहीत. शाळेनेच घडवली, आणि शाळेचाच निकाल त्यांच्यावाचून उणा झाला. त्यानंतर तालुक्याच्या खासगी शाळेची पिवळी व्हॅन येते आणि ज्यांच्याकडे फीचे पैसे आहेत त्यांची मुलं नेते, त्यातही आधी मुलगे. मी पाहिलेल्या कितीतरी शाळांत सहावी ते आठवीला मुलींची संख्या जास्त असायची. त्यामागे मुलींच्या शिक्षणाची कळकळ नव्हती. 'पोरीला गावातलीच शाळा बास' हा हिशेब होता. तुम्ही मुलीसाठी इतका विचार करताय, याचं म्हणूनच मला बरं वाटलं.

ऊसतोडीच्या मुलांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गावकरी अर्धंच बोलतात.

दसऱ्यानंतर टोळ्या हलायला लागतात, दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली, त्यामुळे दोघांना जावंच लागतं. घरी आजी असेल तर पोर मागे राहतं, नसेल तर ट्रॅक्टरवर बसतं. गाळप मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. हजेरीपत्रकावर अशा मुलाच्या नावापुढे नोव्हेंबरपासून 'गै, गै, गै' ची लाल शाईतली रांग असते. एप्रिलमध्ये पोर परत येतं आणि पंधरा दिवसांत वार्षिक परीक्षेला बसतं.

बहुतेकांना वाटतं की या मुलाचं दरवर्षी थोडं-थोडं सगळंच राहतं. तसं होत नाही. दरवर्षी नेमका तोच भाग राहतो. पहिलीपासून सातवीपर्यंत प्रत्येक वर्षाचं पहिलं सत्र या मुलाने केलेलं असतं आणि प्रत्येक वर्षाचं दुसरं सत्र बुडालेलं असतं. म्हणजे सात पुस्तकांचे सात पूर्वार्ध. आठवीच्या गणिताच्या पुस्तकाचे दोन विभाग आहेत. परिमेय-अपरिमेय संख्या, घातांक, विस्तारसूत्रं पहिल्या विभागात; एकचल समीकरणं, चक्रवाढ व्याज, क्षेत्रफळ, पृष्ठफळ-घनफळ दुसऱ्या विभागात. घरात रोज उचल फिटली की फिरली याचा हिशेब ऐकणाऱ्या पोराचं नेमकं व्याजाचंच प्रकरण बुडतं.

एका अशा मुलाची वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. सातवीतला मुलगा, चलाख, फडातल्या मोळ्यांचा हिशेब तोंडी करणारा. त्याला ८१६ भागिले ८ दिलं. उत्तर लिहिलं १२. आठ एके आठ, खाली एक उतरवला, एकाला भाग जात नाही म्हणून सहा उतरवला, आठ दुणे सोळा, संपलं. भागाकारात मधे शून्य ठेवायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण तो धडा झाला तेव्हा तो साखर कारखान्याच्या खोपीत होता. त्याला एवढंच विचारलं, 'आठशे रुपये आठ जणांत वाटले तर एकेकाला किती?' म्हणाला, शंभर. 'मग आठशे सोळा वाटले तर बारा कसे येतील?' दोन मिनिटं वहीकडे बघत राहिला आणि स्वतःच मधे शून्य घातलं. सगळं मिळून अर्धा तास पुरला. पण त्याच्यासोबत तो अर्धा तास बसायला कुणीतरी हवं, आणि ते कधी असतं, कधी नसतं.

तांड्यावरच्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या घरची बोली गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची. पहिली-दुसरीत मराठी पुस्तक त्यांना परकं असतं आणि तिथे शिक्षकाने सांभाळून घेतलं नाही तर वाचन मागे पडतं. पण सहावीपर्यंत मूल नियमित आलं तर ही अडचण जवळपास निवळलेली मी पाहिली आहे. आठवीच्या गणितात नापास होण्याचं कारण तांडा नाही. तिथलं मूलही ऊसतोडीला जात असेल, तर कारण ते स्थलांतर.

'या पोरांमुळे माझ्या पोरीचं नुकसान होईल का?' हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण प्रश्नात ते आहे, आणि विचारण्यात काही गैर नाही. प्रामाणिक उत्तर असं की मूल शेजारी बसल्याने नुकसान होत नाही, शिक्षकाचा वेळ विभागल्याने होऊ शकतं. एप्रिलमध्ये पाच मुलं परतली आणि बाईंनी सगळ्या वर्गाला पुन्हा भागाकारापासून सुरू करायला लावलं, तर तुमच्या मुलीचे पंधरा दिवस गेले. त्याच बाईंनी मुलांचे गट पाडून, तुमच्या मुलीलाच एखाद्या गटाला उदाहरण समजावून द्यायला सांगितलं, तर तिचाही पाया पक्का होतो. दोन्ही प्रकारचे वर्ग मी पाहिलेत, दोन्हीकडे मुलं तशीच होती.

म्हणून शिक्षकाकडे या. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्र असे विषयवार शिक्षक सांगितलेत. लहान पटाच्या शाळेत प्रत्यक्षात दोन असतात, कधी एक. तुम्ही मुख्याध्यापकांना सरळ विचारा, यंदा आठवीला गणित कुणी शिकवलं आणि वर्षभर तीच व्यक्ती होती का? बदली झाली, पद रिकामं राहिलं, प्राथमिकच्या गुरुजींकडे जादा तास दिले, ते बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामावर गेले, असं काही निघालं तर चार नापासांचं कारण तुम्हाला तिथेच सापडेल. उलट गणिताचे शिक्षक वर्षभर हजर होते, नापास झालेली चारही मुलं वर्षभर हजर होती आणि तरीही नापास झाली, तर मात्र मी शाळेबद्दल काळजी करीन. लहान आकड्याचा आडोसा तिथे चालणार नाही.

पटाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर हे ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरतं, त्याला संचमान्यता म्हणतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत गेला तर त्या गटाला नियमित शिक्षकाचं पदच न मिळण्याची पाळी आणली. त्यावर बराच वाद झाला, आंदोलनं झाली. आता तुमचा हिशेब करा. आठवीचे नऊही बाहेर पडले असं धरू, राहिले १३. पाचवीतून समजा दहा वर आले तर २३. त्यातले चौघे तालुक्याला गेले तर १९. चार घरांनी घेतलेल्या निर्णयाने गणिताचे सरच जाऊ शकतात. हे ओझं मी तुमच्या मुलीच्या दप्तरात घालत नाही. आई आधी आपल्या लेकराचं बघणार, बघावंच. पण बाकी पालक काय करणार आहेत हे जूनच्या आधी विचारून घ्या, कारण शाळा कशी असेल हे त्यावरही ठरतं.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, 'असर'चा अहवाल बघा, सरकारी सर्वेक्षण बघा. 'असर' जिल्ह्यातली तीस गावं आणि गावातली वीस घरं निवडून घरोघरी मुलांना तपासतं. जिल्ह्याचा अंदाज घ्यायला चांगलं, तुमच्या शाळेबद्दल त्यातून काहीच कळत नाही. 'परख'चं राष्ट्रीय सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं. आठवी त्यात नव्हतीच. आणि ४ डिसेंबर ही तारीख बघा. त्या दिवशी आपल्याकडची ऊसतोडीची मुलं वर्गात नव्हे, फडात असतात.

त्यापेक्षा तुम्हीच एक दिवस काढा. शाळा उघडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, साधा वार, कार्यक्रम नसलेला. परिपाठ झाल्यावर जा आणि खिचडीच्या सुट्टीपर्यंत थांबा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यातल्या कुणाला सोबत घ्या म्हणजे अवघडल्यासारखं होणार नाही. सातवीच्या मुलांच्या गणिताच्या वह्या पाहा. नुसती फळ्यावरून उतरवलेली उदाहरणं आहेत की मुलांच्या चुका आणि त्यावर केलेली दुरुस्तीही आहे? ज्या वहीत एकही चूक नाही ती वही मला नेहमी संशयास्पद वाटते. तीन वर्ग एका खोलीत बसत असतील तर एका वर्गाला शिकवताना बाकीचे दोन काय करत असतात तेवढं पाहा. घरी आल्यावर मुलीला कुठल्याही वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचायला द्या आणि ८१६ भागिले ८ करायला द्या. दोन्ही नीट आलं तर या शाळेने पाच वर्षांत तिला काय दिलं हे तुमच्या हातात आलं.

इथवरचं थोडक्यात: चारही नापासांची हजेरी आधी, गणिताचे शिक्षक त्यानंतर, आणि टक्केवारी सगळ्यांत शेवटी.

आता तालुक्याच्या शाळेचं. ती किती लांब, व्हॅनमध्ये रोज किती वेळ, फी तीन वर्षं झेपेल का, हे तुम्हालाच माहीत. एसटी वेळेवर असेल तर ग्रामीण मुलींना पास मोफत मिळतो, पण शाळेची वेळ आणि गाडीची वेळ जुळली तरच त्याचा उपयोग. नववीला तिला तसंही गावाबाहेर जावंच लागणार, म्हणजे प्रश्न तीन वर्षांचा आहे. इंग्रजी माध्यमात सहावीला एकदम जाणारी मुलं पहिलं वर्ष बरीच चाचपडतात. मराठीत समजलेलं गणित इंग्रजीत पाठ करू लागतात. सेमी इंग्रजीची शाळा जवळ असेल तर तो मधला रस्ता मला जास्त पटतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट, जी व्हॅनवाला सांगणार नाही. एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत होते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारं हवं. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत गेली की ही परीक्षा तिच्यासाठी बंद. हुशार आणि अभ्यासाची आवड असलेली मुलगी असेल तर हा आकडाही फीच्या समोर मांडून बघा.

माझा कल विचाराल तर: गणिताचे शिक्षक पुढच्या वर्षी आहेत, पट वीसच्या वर राहतोय आणि मुलगी भागाकार करते आहे, तर मी तिला गावातच ठेवीन आणि संध्याकाळी अर्धा तास इंग्रजीला देईन. गणिताचं पद रिकामं असेल आणि भरायची चिन्हं नसतील तर मी तिला हलवीन, आणि त्याबद्दल मला कुणी नावं ठेवली तरी चालेल.

मुलीला गावातच ठेवलीत तर एक काम तुमच्याकडे येईल. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल गावात नातेवाइकांकडे राहतं, जेवणाची सोय होते आणि हजेरी तुटत नाही. माझ्या एका गावात प्रस्ताव हलून मंजुरी यायला डिसेंबर उजाडला, तोवर पोरं आईबापांबरोबर निघून गेली होती आणि यादीत नुसती नावं राहिली. म्हणून ऑगस्टच्या समितीच्या सभेतच तो विषय घ्या, स्थलांतर करणाऱ्या घरांची यादी तेव्हाच करा, ठराव इतिवृत्तात लिहून सही घ्या. जी सहा-सात मुलं तुमच्या मुलीबरोबर आठवीपर्यंत जाणार आहेत ती नोव्हेंबरमध्ये बाकावर असतील की नाही, हे त्या सभेत ठरतं. दसऱ्यानंतर बोलायला गेलात तर ट्रॅक्टर निघून गेलेले असतील.